घरातले टपालघर : लिनक्सवरील स्थानिक मेल सर्व्हर आणि त्याच्या बंद दाराचा इतिहास

१/
लिनक्स शिकू लागलेला विद्यार्थी एखाद्या दिवशी स्वतःच्या संगणकावर मेल सर्व्हर उभारायला बसतो. डेबियन किंवा उबंटूवर ‘पोस्टफिक्स’ ही आज्ञावली बसवताना पडद्यावर एक चौकट येते आणि काही पर्याय पुढे ठेवते. त्यांतला एक ‘लोकल ओन्ली’, म्हणजे केवळ स्थानिक. तो निवडला की काही क्षणांत सर्व्हर सुरू होतो. मात्र तो बाहेरच्या कोणाचे ऐकत नाही आणि बाहेर कोणाला काही पाठवतही नाही. टपालघर उघडते, पण रस्त्याकडचे दार लावून. हे दार एके काळी सताड उघडे होते. ते कसे आणि का लागले, याचा हा इतिहास.

२/
ई-मेल म्हणजे दूरच्या माणसाला तारेवरून गेलेले पत्र, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आरंभ मात्र वेगळा आहे. १९६५ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘सीटीएसएस’ नावाची प्रणाली चालत असे. आयबीएम ७०९४ हा एकच मोठा संगणक अनेक जण आपापल्या टंकयंत्रांवरून एकाच वेळी वापरत. टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी तिच्यासाठी ‘मेल’ ही आज्ञा लिहिली. पाठवलेला मजकूर दुसऱ्या सदस्याच्या ‘मेल बॉक्स’ नावाच्या फाइलीत जोडला जाई. पाठवणारा, टपालघर आणि पेटी सारे एकाच यंत्रात असत. आजच्या नवशिक्याचा ‘केवळ स्थानिक’ सर्व्हर नेमके हेच काम करतो.

३/
पत्र यंत्राबाहेर पडले ते १९७१ मध्ये. बीबीएन या कंपनीतील रे टॉमलिन्सन यांच्यापुढे दोन आज्ञावल्या होत्या. एक त्याच यंत्रावरील सहकाऱ्याच्या पेटीत निरोप टाकणारी, तर दुसरी अर्पानेट या जाळ्यातून फाइल दुसऱ्या यंत्राकडे नेणारी. टॉमलिन्सन यांनी दोन्ही जोडल्या. चाचणीतील दोन्ही यंत्रे एकाच खोलीत शेजारी शेजारी होती, पण त्यांच्यातला दुवा अर्पानेटचाच होता. माणूस आणि यंत्र यांची नावे वेगळी दिसावीत म्हणून त्यांनी मध्ये ‘ॲट’चे चिन्ह योजले. ते चिन्ह आणि यंत्राचे नाव नसेल, तर पत्र याच घरातल्या माणसाला आहे, हा संकेत स्थानिक सर्व्हरवर आजही पाळला जातो.

४/
त्याच वर्षी, नोव्हेंबर १९७१ मध्ये, बेल लॅब्समध्ये युनिक्सची पहिली नियमपुस्तिका तयार झाली. तिच्यातही ‘मेल’ ही आज्ञा होती. युनिक्सच्या टपालपेटीची रचना अगदी साधी आहे. सगळी पत्रे एकाच मजकूर-फाइलीत एकाखाली एक असतात आणि प्रत्येक नवे पत्र इंग्रजी ‘फ्रॉम’ या शब्दाने व त्यापुढील मोकळ्या जागेने सुरू होणाऱ्या ओळीपासून ओळखले जाते. या साधेपणाची एक गंमत म्हणजे, पत्राच्या आतच एखादी ओळ त्या शब्दाने सुरू झाली तर तिच्याआधी ‘मोठे आहे’ हे गणिती चिन्ह घालावे लागते. नाहीतर एका पत्राची दोन होतात. लिनक्सवर ‘व्हार’ निर्देशिकेतील ‘मेल’ या कप्प्यात अशी फाइल अजूनही सापडते.

५/
सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. ‘इन्ग्रेस’ या प्रकल्पाच्या संगणकाला अर्पानेटची जोडणी होती, आणि टपालासाठी प्रत्येकाला त्या यंत्रावर खाते हवे होते. त्या प्रकल्पात काम करणाऱ्या एरिक ऑलमन यांना खाती वाटत बसण्यापेक्षा टपालच पुढे पाठवणे सोपे वाटले. त्यांनी ‘डिलिव्हरमेल’ लिहिले. १९७९ पासून ते बर्कलीच्या युनिक्ससोबत, म्हणजे बीएसडीसोबत, दिले जाऊ लागले. एका यंत्रावर आलेले पत्र योग्य जाळ्याकडे वळवणे एवढेच त्याचे काम. टपालाच्या भाषेत सांगायचे तर ही वर्गवारीची खोली होती.

६/
तेव्हा जाळी अनेक होती आणि प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची तऱ्हा निराळी. अर्पानेटवर ‘ॲट’ चाले. यूयूसीपी या दूरध्वनीवर चालणाऱ्या जाळ्यात मात्र पत्र कोणकोणत्या यंत्रांवरून जाणार तो सगळा मार्ग, मध्ये उद्गारचिन्हे घालून, पाठवणाऱ्यालाच लिहावा लागे. ऑलमन यांनी डिलिव्हरमेलची जागा घेणारे ‘सेंडमेल’ लिहिले. ते १९८३ मध्ये बीएसडीच्या ४.१सी या आवृत्तीबरोबर बाहेर पडले. कोणत्याही रूपातला पत्ता नियमांच्या आधारे दुसऱ्या रूपात बदलणे ही त्याची ताकद होती. त्या नियमांची फाइल इतकी दुर्बोध असे की सेंडमेल सांभाळता येणे ही स्वतंत्र विद्या मानली गेली.

७/
या साऱ्या जाळ्यांना समान बोली मिळाली ती ऑगस्ट १९८२ मध्ये. जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ या क्रमांकाचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि ‘सिंपल मेल ट्रान्स्फर प्रोटोकॉल’, म्हणजे एसएमटीपी, आकाराला आला. पत्राच्या आतील मथळे कसे असावेत हे डेव्हिड क्रॉकर यांच्या आरएफसी ८२२ ने त्याच महिन्यात ठरवले. दोन यंत्रांनी २५ क्रमांकाच्या पोर्टवर बोलावे, बोलणे माणसाला वाचता येईल अशा साध्या शब्दांत व्हावे, आणि प्रत्येक वाक्याला तीन अंकी उत्तर मिळावे, असा हा करार आहे.

८/
स्थानिक सर्व्हर उभारणाऱ्याने हा करार स्वतःच्या हाताने बोलून पाहण्याची जुनी प्रथा आहे. टर्मिनलवरून ‘टेलनेट’ने स्वतःच्याच यंत्राच्या २५ क्रमांकाच्या पोर्टला जोडून घ्यायचे. सर्व्हर २२० म्हणून स्वागत करतो. मग ‘हेलो’. मूळ आज्ञा चार अक्षरी ठेवण्याच्या संकेतामुळे या शब्दातले एक ‘एल’ गळालेले आहे. त्यापुढे पाठवणारा कोण, घेणारा कोण, आणि नंतर ‘डेटा’. उत्तर येते ३५४ : लिहा. मजकूर संपला की एका ओळीवर फक्त पूर्णविराम द्यायचा. २५० हे उत्तर आले की पत्र स्वीकारले गेले. चाळीसहून अधिक वर्षे झाली, तरी हा संवाद जवळजवळ तसाच आहे.

९/
संवाद करून पाहताना नवशिक्याला एक गोष्ट चटकन खटकते. ‘पाठवणारा कोण’ या प्रश्नाला काहीही उत्तर दिले तरी मूळ करारानुसार सर्व्हर ते मान्य करतो. शिवाय सर्व्हरला सांगितलेला पत्ता हा पाकिटावरचा असतो, तर वाचणाऱ्याला दिसणारा पत्ता आतल्या कागदावरचा. दोन्ही सारखे असण्याचे बंधन नाही. साध्या टपालातही कोणी पाकिटामागे वाटेल ते नाव लिहू शकतो. १९८२ च्या जाळ्यावर विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि संरक्षण खाते यांचीच यंत्रे होती. यंत्र सांभाळणारे एकमेकांना बहुधा नावाने ओळखत. ओळख पटवण्याची व्यवस्था करारात नव्हती, कारण तिची निकड कोणाला भासली नव्हती.

१०/
त्या जगाची एक खूण आजच्या प्रत्येक सर्व्हरवर शिल्लक आहे. टपाल स्वीकारणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ‘पोस्टमास्टर’ या नावाचा पत्ता असलाच पाहिजे, असे १९८२ च्या नियमांनी ठरवले. काही बिघडले तर तिथल्या जबाबदार माणसाला लिहिता यावे, हा हेतू. म्हणून लिनक्सवरील ‘एलियासेस’ या फाइलीत पोस्टमास्टरचे टपाल ‘रूट’कडे, आणि रूटचे टपाल एखाद्या जित्याजागत्या माणसाकडे वळवण्याची ओळ लिहिली जाते. गावातल्या पोस्टमास्तरांसारखा इथेही कोणीतरी तक्रार ऐकून घेणारा असावा, अशी ही अपेक्षा आहे.

११/
यंत्रे वाढली तशी सर्वांची नावे एकाच यादीत ठेवणे अशक्य झाले. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नावांची पद्धत, म्हणजे डीएनएस, मांडली. जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी आरएफसी ९७४ द्वारे ‘एमएक्स’ नोंदीचा वापर स्पष्ट केला. अमुक नावाचे टपाल कोणत्या यंत्राकडे न्यायचे, हे ती नोंद सांगते. सर्व्हरनेही स्वतःला एक प्रश्न विचारावा लागतो : हे टपाल माझ्याच घरचे, की पुढे न्यायचे? पोस्टफिक्समधील ‘मायडेस्टिनेशन’ ही मांडणी या प्रश्नाचे उत्तर असते. स्थानिक सर्व्हरच्या यादीत यंत्राचे स्वतःचे नाव आणि ‘लोकलहोस्ट’ एवढेच असते.

१२/
भारतात ही वाट उघडली ती ‘अर्नेट’ने. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये हा प्रकल्प हाती घेतला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईत जुहूला असलेली ‘एनसीएसटी’ आणि स्वतः तो विभाग अशा आठ संस्था होत्या. आरंभीचे टपाल जुहू आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या दूरध्वनी-तारेवरून, यूयूसीपीच्या पद्धतीने जाऊ लागले. एक यंत्र दुसऱ्याला फोन लावी, साठलेली पत्रे देई, तिकडची घेई आणि फोन ठेवी. सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळायला मात्र १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला.

१३/
अशा जाळ्यात दुसऱ्याचे टपाल पुढे नेणे हा शेजारधर्म होता. पत्र पाच यंत्रांवरून जाणार असेल, तर मधल्या तिघांनी ते विनातक्रार स्वीकारून, सांभाळून ठेवून, पुढे द्यायचे. सेंडमेलही त्याच वृत्तीने बनलेले होते : कोणीही आणून दिलेले, कोणालाही लिहिलेले पत्र ते पुढे नेई. याला ‘रिले’ म्हणतात. आणि ज्याचा रिले सर्वांना खुला, तो ‘ओपन रिले’. पुढे शिवीसारखा वापरला गेलेला हा शब्द त्या काळी सौजन्याचे वर्णन होता.

१४/
पहिला मोठा तडा गेला तो २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री. कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने स्वतःच्या प्रती करत यंत्रामागून यंत्रात शिरणारी एक आज्ञावली जाळ्यात सोडली. तिने वापरलेल्या वाटांपैकी एक सेंडमेलमधून जात होती. दोष शोधण्याच्या सोयीसाठी ठेवलेली ‘डीबग’ अवस्था अनेक यंत्रांवर चालूच राहिली होती. त्या अवस्थेत ‘घेणारा कोण’ या जागी माणसाच्या नावाऐवजी आज्ञा लिहिता येत असे, आणि यंत्र ती मुकाट पार पाडी. पत्र टाकण्याच्या फटीतून हात घालून आतली कडी काढण्यासारखा हा प्रकार होता.

१५/
त्या काळी जाळ्यावर सुमारे ६०,००० यंत्रे होती आणि त्यांपैकी सुमारे ६,००० बाधित झाली, असा अंदाज तेव्हा व्यक्त झाला. अनेक ठिकाणी तारा काढून ठेवाव्या लागल्या. गंमत अशी की उपाय कळवण्याचे साधनही ई-मेल हेच होते आणि तेच बंद पडले होते. मॉरिसला १९९० मध्ये तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलरचा दंड अशी शिक्षा झाली. कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे आपत्कालीन समन्वय केंद्र उभे राहिले ते याच घटनेनंतर.

१६/
या रात्रीने रचनेतला खरा धोका उघडा पाडला. १०२४ च्या खालील पोर्ट उघडण्याचा अधिकार युनिक्सवर फक्त ‘रूट’ला असतो, आणि दुसऱ्याच्या पेटीत लिहिण्यासाठीही विशेष अधिकार लागतात. सेंडमेल ही एकच मोठी आज्ञावली सगळी कामे करत असल्याने तिला सर्वाधिकार देऊन ठेवलेले असत. अनोळखी माणसाशी दाराशी बोलणारा, पत्र फोडून पत्ता वाचणारा, तिजोरीच्या किल्ल्या बाळगणारा आणि घरोघरी बटवडा करणारा, असा एकच नोकर. तो एका ठिकाणी फसला की सारे घर हातचे जाई. पुढील दशकात सेंडमेलमध्ये सापडलेल्या दोषांनी हे पुन्हा पुन्हा दाखवले.

१७/
अशा वेळी लिनक्स अवतरले. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉर्वल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये त्याची वाच्यता केली. १९९३ पासून स्लॅकवेअर, डेबियन अशी वितरणे येऊ लागली. युनिक्स आजवर संस्थांच्या महागड्या यंत्रांवर राहत होते. आता ते वसतिगृहातल्या आणि दुकानातल्या साध्या पीसीवर आले. सोबत मेल सर्व्हरही आला, कारण मेल सर्व्हरविना युनिक्स ही कल्पनाच कोणी करत नव्हते. आपल्या यंत्रावर टपालघर चालू आहे आणि त्याचे दार रस्त्यावर उघडते, याची त्यांच्यापैकी कित्येक मालकांना जाणीवही नव्हती.

१८/
नको असलेले टपाल जुनेच होते. ३ मे १९७८ रोजी संगणक बनवणाऱ्या एका कंपनीच्या विक्री-प्रतिनिधीने अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना जाहिरात पाठवली होती. तेव्हा कानउघाडणी होऊन प्रकरण मिटले. नव्वदच्या दशकात जाळे व्यापाराला खुले झाले आणि कानउघाडणीला कोणी जुमानेनासे झाले. एक पत्र लक्षावधी पत्त्यांवर पाठवायचे, तर खर्च येतो. तो टाळण्याचा उपाय म्हणजे कोणाचा तरी ओपन रिले शोधणे, एकच पत्र हजार पत्त्यांसह त्याच्या हवाली करणे आणि निघून जाणे. बटवड्याचे श्रम शेजाऱ्याचे, आणि शिव्याशापही शेजाऱ्यालाच.

१९/
मग दारे लागू लागली. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांच्या पुढाकाराने उपद्रवी यंत्रांची काळी यादी सुरू झाली. यादीत नाव आले की इतर सर्व्हर त्या यंत्राचे टपाल नाकारत. १९९८ मध्ये सेंडमेलच्या ८.९ या आवृत्तीने परक्याचे टपाल परक्याकडे नेणे मुळातच बंद केले; ज्याला हवे त्याने ते मुद्दाम चालू करायचे. फेब्रुवारी १९९९ च्या आरएफसी २५०५ ने हीच शिस्त सर्वांना सुचवली. सोळा-सतरा वर्षे जे सौजन्य होते, ते आता हलगर्जीपणा ठरले. करारातील एक शब्दही न बदलता त्याचा अर्थ उलटला होता.

२०/
सेंडमेलला पर्याय शोधण्याचे प्रयत्नही याच वर्षांत झाले. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझेल यांनी १९९५ मध्ये ‘एक्झिम’ लिहिले. पुढे डेबियनने ते आपले नेहमीचे टपालसाधन केले. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या ‘क्यूमेल’ची १.० आवृत्ती १९९७ मध्ये आली. त्यांनी एका मोठ्या आज्ञावलीऐवजी अनेक छोट्या आज्ञावल्या केल्या आणि प्रत्येकीला लागतील तेवढेच अधिकार दिले. जो कोणी सुरक्षेतील छिद्र दाखवील त्याला ५०० डॉलर देण्याची घोषणाही त्यांनी केली. सुरक्षितता ही नंतर लावायची ठिगळे नसून रचनेचा पाया आहे, हा विचार येथे ठळक झाला.

२१/
डिसेंबर १९९८ मध्ये विट्स वेनेमा या डच संशोधकाने आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात लिहिलेली आज्ञावली खुली झाली. तीच ‘पोस्टफिक्स’. तिच्यात सेंडमेलचा तो एकटा नोकर अनेकांत वाटला गेला. दाराशी बोलणारा वेगळा, पत्र नीट करणारा वेगळा, रांग सांभाळणारा वेगळा, स्थानिक बटवडा करणारा वेगळा. दाराशी बसणाऱ्याकडे किल्ल्या नसतात. त्याला फसवले तरी हाती फारसे लागत नाही. ज्या पत्राचा बटवडा तात्पुरता अडतो ते ‘डिफर्ड’ रांगेत ठेवून, मूळ मांडणीनुसार पाच दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न होतो. आजही नवशिक्याच्या हाती बहुधा पोस्टफिक्सच दिले जाते.

२२/
आता पहिल्या पडद्याकडे परतले की मांडणीच्या ओळी वेगळ्या दिसू लागतात. ‘मायडेस्टिनेशन’ सांगते, कोणाचे टपाल घरचे मानायचे. ही डीएनएसच्या काळाची देणगी. ‘मायनेटवर्क्स’ सांगते, कोणाचे टपाल पुढे न्यायचे. ही ओपन रिलेच्या अनुभवातून आलेली ओळ. २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून तिचा नवा मूळ अर्थ आणखी आकसला, सभोवतालच्या जाळ्याऐवजी फक्त हेच यंत्र. ‘आयनेट इंटरफेसेस’ सांगते, कोणत्या दाराशी बसायचे. ‘लूपबॅक ओन्ली’ लिहिले की सर्व्हर १२७.०.०.१ या आतल्या पत्त्यावरच ऐकतो. त्या पत्त्यावर पाठवलेले काहीही यंत्राबाहेर पडत नाही.

२३/
पत्र आले की ते ठेवायचे कुठे, यालाही इतिहास आहे. एकाच फाइलीत सारी पत्रे ठेवण्याच्या जुन्या रीतीत दोन आज्ञावल्या एकाच वेळी लिहू लागल्या तर पेटी बिघडे. म्हणून कुलूपबंदीचे खटाटोप करावे लागत. बर्नस्टाइन यांनी क्यूमेलसोबत ‘मेलडिर’ ही रचना आणली. तिच्यात प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल, आणि तयार होत असलेली, नवी व पाहिलेली पत्रे यांसाठी तीन कप्पे असतात. ही पेटी मेल वाचण्याच्या साधनाला दाखवण्यासाठी आयमॅप हा वेगळा करार लागतो. तो मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला रचला. लिनक्सवर ते काम बहुधा ‘डव्हकॉट’ करते. टिमो सिरायनेन यांनी ते २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले.

२४/
मराठी विद्यार्थ्याने पहिले पत्र देवनागरीत लिहिले तर आणखी एक थर उघडतो. १९८२ चा करार सात बिटांच्या इंग्रजी अक्षरांपुरताच होता. जून १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ ही पद्धत आणली. इतर लिप्यांतील मजकूर इंग्रजी अक्षरांच्या वेषात पाठवण्याची सोय तिने केली. ‘नमस्कार’ हा शब्द युनिकोडमध्ये सात चिन्हांचा, यूटीएफ-८ मध्ये २१ बाइटांचा आणि माइमच्या बेस६४ वेषात २८ अक्षरांचा होतो. म्हणून पेटीची फाइल थेट उघडली की मराठी पत्राच्या जागी अनेकदा निरर्थक भासणारी इंग्रजी अक्षरे दिसतात. पत्र शाबूत असते. त्याने प्रवासाचे कपडे घातलेले असतात.

२५/
पत्ताच देवनागरीत असावा, याला आणखी वीस वर्षे लागली. फेब्रुवारी २०१२ च्या आरएफसी ६५३१ ने एसएमटीपीमध्ये ती मुभा आणली, आणि पोस्टफिक्सने २०१५ मध्ये ३.० आवृत्तीत ती स्वीकारली. त्याआधी २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन सुरू झाले होते. मार्गावरील प्रत्येक सर्व्हरला ही भाषा येत नसेल, तर मात्र पत्र परत येते. स्थानिक सर्व्हरवर ही अडचण कमी, कारण मार्ग फक्त घरातल्या घरात असतो. तो प्रयोग करून पाहायला याहून निर्धोक जागा नाही.

२६/
एवढे करून स्थानिक सर्व्हरचा उपयोग काय? ‘क्रॉन’ ठरल्या वेळी जी कामे करतो त्यांचा वृत्तान्त तो स्थानिक टपालानेच धाडतो. टर्मिनलवर अवचित दिसणारी ‘नवे टपाल आले आहे’ ही सूचना बहुधा यंत्राने आपल्या मालकाला लिहिलेल्या पत्राची असते. संकेतस्थळ बनवणारे आपल्या आज्ञावलीने पाठवायची पत्रे आधी इथेच तपासतात, म्हणजे अर्धवट मजकूर खऱ्या ग्राहकाच्या हाती पडत नाही. वितरणांचे मन मात्र बदलत गेले. डिसेंबर २०१३ मध्ये आलेल्या फेडोरा २० मध्ये सेंडमेल आपोआप बसवणे थांबले. जे कधी गृहीत होते, ते आता मुद्दाम मागावे लागते.

२७/
बाहेरचे दार उघडायचे ठरवले तर आजचा रस्ता खडतर आहे. घरगुती जोडण्यांवर २५ क्रमांकाचे पोर्ट सेवादाते बरेचदा बंद ठेवतात. पाठवणारे यंत्र अधिकृत आहे हे सांगणारे एसपीएफ (२००६), पत्रावर सही करणारे डीकेआयएम (२००७) आणि दोन्हींचा मेळ घालणारे डीमार्क (२०१५) ही सारी १९८२ मध्ये न विचारलेल्या ‘पाठवणारा कोण’ या प्रश्नाची उशिरा आलेली उत्तरे आहेत. ती सारी दिली तरी अनोळखी लहान सर्व्हरचे पत्र मोठ्या सेवांकडे संशयाने पाहिले जाते. १९९६ च्या हॉटमेलपासून आणि २००४ च्या जीमेलपासून बहुतेकांनी आपली पेटी दुसऱ्याच्या टपालघरात ठेवली, त्यामागे हा शीणही आहे.

२८/
तरीही करार कोणाच्या मालकीचा झालेला नाही. एसएमटीपी वापरण्यासाठी आजही कोणाचा परवाना लागत नाही. लागतो तो इतरांचा विश्वास, आणि तो मिळवणे कठीण झाले आहे. हे कौशल्य काही थोड्या कंपन्यांच्या आवारातच उरले, तर करार कागदावर खुला राहील आणि तो बोलणारे मात्र मोजके असतील. म्हणून नवशिक्याच्या त्या छोट्या सर्व्हरला महत्त्व आहे. स्वतःच्या यंत्राला ‘हेलो’ म्हणणारा विद्यार्थी पाकीट आणि पत्र यांतला फरक शिकतो, रांग पाहतो, पोस्टमास्तरचे टपाल स्वतःकडे वळवून घेतो. दार उघडायचे की नाही, हे त्यानंतर ठरवता येते. इतिहासाने शिकवलेला क्रमही हाच आहे.

(समाप्त)